उत्तरेची खिडकी, पश्चिमेची बाल्कनी आणि पानं चावणारं मांजर: कोणती झाडं टिकतील?

सोनटक्का

ठाणे, पाचवा मजला, २ बीएचके. दिवाणखान्याला ६ फूट रुंद खिडकी, उत्तरेला. समोर साधारण ३० फुटांवर दुसरी इमारत आहे, फिकट पिवळ्या रंगाची. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला, ओट्याच्या टोकाला सकाळी ८ ते १० ऊन. बेडरूमची छोटी बाल्कनी पश्चिमेला, दुपारी २ नंतर तापते. बेडरूममध्ये रात्री एसी. ग्रिलबाहेर कुंडी लटकवायला सोसायटीची मनाई. पाणी घालायला आठवड्यातून दोनच दिवस मिळतात. घरात मांजर आहे, ते पानं चावतं आणि माती उकरतं.

नर्सरीत विचारलं की "इनडोअर आहे, कुठेही ठेवा" एवढंच उत्तर मिळतं. म्हणून इथे विचारते:

१) कोणत्या जागी काय लावू?
२) माती विकतची घ्यावी की घरी मिसळावी?
३) तुळस घरात जगते का?
४) हवा शुद्ध करणारी म्हणून जी झाडं विकतात, त्यात तथ्य किती?

लक्समोजणी

झाडांच्या नावांआधी उजेड मोजा. डोळा यात हमखास फसवतो, कारण बाहुली लहानमोठी होऊन अंधारी खोलीसुद्धा आपल्याला लख्ख दाखवते. मोबाईलवर लक्स (उजेडाचं एकक) मोजणारं कुठलंही फुकट ॲप चालेल. सेन्सर स्क्रीनच्या वरच्या कडेला असतो, म्हणून जिथे झाडाची पानं येणार तिथे मोबाईल धरायचा आणि स्क्रीन खिडकीकडे वळवायची. सकाळी १०, दुपारी १ आणि ४ असे तीन आकडे घ्या. एकदा उन्हाच्या दिवशी, एकदा ढगाळ दिवशी. मोबाईलचे सेन्सर काटेकोर नसतात, पण ८०० आणि ३००० यातला फरक नक्की कळतो.

आकड्यांचा अर्थ ढोबळमानाने असा. ५०० लक्सच्या खाली झाड वाढत नाही, साठ्यावर दिवस काढतं. ५०० ते १५०० मध्ये ॲस्पिडिस्ट्रा, झीझी, स्नेक प्लांट, हिरवा ॲग्लोनेमा तग धरतात. १५०० ते ५००० मध्ये स्पायडर प्लांट, कॅलाथिया, फर्न, सिंगोनियम, मनीप्लांट नीट वाढतात. १०,००० च्या पुढे जेड, होया, अरेका. फुलझाडं आणि तुळस यांना प्रत्यक्ष ऊनच हवं. भर दुपारचं मोकळं ऊन लाखाच्या आसपास जातं. तुलनेला, ट्यूबलाइटच्या खोलीत रात्री १५०-३०० लक्स असतात. म्हणून "दिवसभर लाइट चालू असतो" या भरवशावर कोपऱ्यात झाड ठेवू नये.

खिडकीपासून मागे सरकलं की उजेड भराभर पडतो. काचेपाशी ३००० असेल तर दोन मीटर आत सोफ्याच्या कोपऱ्यात ५०० सुद्धा मिळेलच असं नाही. डासांची जाळी आणि धूळ बसलेली काच मिळूनही बराच उजेड खातात. महिन्यातून एकदा काच पुसणं हे खतापेक्षा जास्त कामाचं.

तुमच्या उत्तरेच्या खिडकीबद्दल: ठाणे साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्यसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. मे महिन्यात अशा खिडकीच्या काठावर तिरपं ऊन येऊ शकतं आणि कॅलाथियाची पानं तेवढ्यानेही करपतात. उरलेलं वर्षभर नुसता आकाशाचा उजेड. समोरची इमारत फिकट रंगाची आहे हे तुमचं नशीब. तिच्यावर ऊन पडतं तेव्हा परावर्तित उजेड चांगला मिळतो. गडद काचेची असती तर ही खिडकी जवळपास बाद होती.

पश्चिमेच्या बाल्कनीचा स्वभाव ऋतूप्रमाणे पालटतो. मार्च ते मे भिंत आणि लादी रात्री उशिरापर्यंत गरम राहते. प्लास्टिकची काळी कुंडी तिथे मुळं उकडते. कुंडी जमिनीवर न ठेवता विटांवर किंवा स्टँडवर ठेवा आणि दुपारचं ऊन थेट कुंडीच्या अंगावर पडू नये म्हणून पुढे लांबट ट्रे किंवा लहान कुंड्यांची रांग लावा. जून ते सप्टेंबर तीच बाल्कनी ढगाळ आणि ओली. तिथे मोगरा उत्तम. जानेवारीच्या शेवटी एक तृतीयांश छाटायचा, मार्चपासून कळ्या धरतो.

मांजरपाट

मांजर असेल तर वरच्या यादीतली निम्मी नावं खोडावी लागतील.

मनीप्लांट, सिंगोनियम, ॲग्लोनेमा, डिफेनबेकिया, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, झीझी, पीस लिली ही सगळी अळूच्या कुळातली. कच्चं अळू खाल्लं की घसा ज्या सुयांनी खाजतो, त्याच कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया यांच्या पानांत असतात. मांजराने चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, उलटी होते. बहुधा जीव जात नाही, पण डिफेनबेकियाने जीभ आणि घसा सुजून श्वासाला त्रास होऊ शकतो. स्नेक प्लांटमध्ये सॅपोनिन असतात, त्याने उलट्या-जुलाब.

दोन झाडं मात्र घरात आणूच नका. पहिलं म्हणजे खरी लिली, पुष्पगुच्छात येते ती लिलियम, आणि तिच्यासारखीच डेलिली. पान, फूल, अंगावर पडलेले परागकण चाटणं, फुलदाणीतलं पाणी, सगळंच मांजराच्या मूत्रपिंडाला घातक आहे. खाल्ल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यायचं. दुसरं सायकस, नर्सरीत "सागो पाम" म्हणून मिळतं. ते पामच नाही, आणि यकृत निकामी करतं. बी सर्वांत विषारी.

जेड घेताना पानं बघा. लहान, पातळसर, नखाएवढी गोल पानं आणि तांबूस खोड असेल तर ते पोर्टुलाकारिया, मांजराला सुरक्षित. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जेड म्हणून हेच मिळतं. अंगठ्याएवढी जाड, चकचकीत पानं असतील तर ते क्रासुला, ते नको. सदाफुली, ॲडेनियम आणि कण्हेरही बाल्कनीत नकोत.

तुमच्या घरासाठी सुरक्षित आणि उजेडाला जुळणारी निवड माझ्या मते अशी:

उत्तरेच्या खिडकीत स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न, कॅलाथिया, पेपेरोमिया. खोलीत थोडं आत ॲस्पिडिस्ट्रा. ते महाग मिळतं आणि वर्षाला मोजकीच पानं काढतं, पण कमी उजेडात त्याच्याइतकं चिवट आणि निर्धोक दुसरं नाही. पूर्वेला होया, हावर्थिया किंवा आफ्रिकन व्हायोलेट. पश्चिमेला मोगरा आणि जेड. अरेका मांजराला चालतो, पण त्याला भरपूर उजेड हवा, म्हणून पश्चिमेच्या बाल्कनीच्या दाराआड, काचेमागे, सावलीच्या बाजूला. एसीचा झोत थेट अंगावर येत असेल तर टोकं वाळणार.

स्पायडर प्लांटची लोंबती पानं मांजराला फार आवडतात. विषारी नाहीत, पण झाडाचा खराटा होतो. छताच्या हुकाला टांगा आणि मांजराला त्याचं स्वतःचं गवत द्या: मूठभर गहू ८ तास भिजवायचे, पसरट भांड्यात दोन इंच कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याचा भुसा) दाट पसरायचे, वर पातळ थर, रोज पाण्याचा फवारा. आठ-दहा दिवसांत घटासारखे हिरवेगार होतात. दोन भांडी आलटूनपालटून ठेवली की पुरतं.

उकरणं थांबवायला मातीवर ३-४ सेंमीचे गोटे किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे पसरा. बारीक खडी नको, मांजर तिला त्याची संडासाची वाळूच समजतं.

खुरपं

मातीचा मुद्दा सविस्तर लिहितो, कारण घरातली झाडं उजेडापेक्षाही जास्त वेळा कुंडीत काय भरलंय त्यामुळे जातात.

आपल्याकडच्या नर्सऱ्यांमध्ये बराच माल आंध्रातल्या कडियमहून किंवा पुण्याजवळ उरुळी कांचनच्या पट्ट्यातून येतो. काही झाडं कोकोपीटमध्ये असतात, पण बरीचशी चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात. वाहतुकीत गोळा फुटू नये म्हणून ती माती बरी, घरात मात्र ती घात करते. गोळा तसाच नव्या भुसभुशीत मातीत ठेवला की घातलेलं पाणी बाजूने खाली निघून जातं. बाहेर ओलं, आत खडखडीत. किंवा उलट, गोळा आत दहा दिवस चिंब आणि वरची माती कोरडी दिसते म्हणून आपण आणखी ओततो.

झाड आणल्या आणल्या कुंडी बदलू नका. शेडनेटमधून घरात आल्यावर आधीच धक्का असतो, दोन-तीन पानं पिवळी होऊन गळतात, ते स्वाभाविक आहे. १०-१५ दिवस थांबा, बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा, पानांमागे पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) आहे का बघा. मग गोळा बादलीत अर्धा तास भिजवा आणि बोटांनी बाहेरची एक तृतीयांश माती सोडवा. स्पायडर प्लांटची मुळं पूर्ण धुतली तरी चालतात. अरेकाची मात्र अजिबात धुऊ नका, तो महिनोन्महिने रुसतो.

मिश्रण, १० लिटरसाठी, घरातल्या हिरव्या पानांच्या झाडांना:

भिजवून पिळलेलं कोकोपीट ४ लिटर
पर्लाइट (पांढरे, हलके, फुगवलेले खडे) किंवा भाताचं जळकं तूस २ लिटर
चाळलेलं गांडूळखत २ लिटर
लाल माती २ लिटर
निंबोळी पेंड दोन मुठी

८ इंची कुंडीला साधारण ४ लिटर लागतं. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट फुगून ८-९ लिटर होते. भिजवल्यावर दोनदा धुऊन पिळा. त्यात क्षार असतात, स्पायडर प्लांट आणि कॅलाथियाची टोकं त्यानेच जळतात. हावर्थिया आणि जेडला हेच मिश्रण निम्मं घ्या आणि निम्मी २-४ मिमीची धुतलेली जाड रेती किंवा विटेचे बारीक तुकडे. विटेची पूड नको, तिचा चिखल होतो. विकतची "रेडी पॉटिंग मिक्स" बहुधा नुसतं कोकोपीट आणि थोडं खत असते. घ्यायची तर निदान पाव भाग पर्लाइट मिसळा.

कुंडीच्या तळाशी दोन इंच खडी घालायची पद्धत सोडा. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळीत सहज उतरत नाही, ते खडीच्या वरच अडकून राहतं. म्हणजे ओला थर मुळांच्या आणखी जवळ आणला. भोकावर एक खापरीचा तुकडा किंवा जाळीचा चौकोन पुरे. बिनभोकाची सिरॅमिक कुंडी फक्त बाहेरचं आवरण म्हणून वापरा, आत भोकांची प्लास्टिक कुंडी, आणि पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने साचलेलं ओतून द्या.

नवी कुंडी जुन्या गोळ्यापेक्षा दोन इंचच मोठी. "पुढे वाढेल" म्हणून मोठी घेतली तर मुळं नसलेली माती ओलीच राहते आणि सडते.

पाण्याचं वेळापत्रक करू नका. आठवड्यातून दोन दिवस मिळतात ते पाहण्याचे दिवस समजा, घालण्याचे नाही. बांबूची काडी चार इंच खुपसून दोन मिनिटांनी काढा. ओली माती चिकटली तर राहू द्या. त्याहून सोपं म्हणजे कुंडी उचलून बघणं. भरलेली आणि सुकलेली यांच्या वजनातला फरक हाताला लवकर कळतो. उत्तरेच्या खोलीत ८ इंची प्लास्टिक कुंडी एप्रिल-मेमध्ये ४-५ दिवसांत सुकेल, जुलैमध्ये १०-१२ दिवस ओली राहील. सगळ्यात जास्त झाडं जुलै-ऑगस्टमध्येच जातात, मेमध्ये नव्हे. घालाल तेव्हा मात्र भोकातून पाणी येईपर्यंत घाला; रोज अर्धा कप हा प्रकार वाईट, तळाची मुळं कोरडी आणि वर बुरशी. बाल्कनीतला मोगरा याला अपवाद, एप्रिल-मेमध्ये त्याला रोज पाणी लागतं.

लक्समोजणी

@खुरपं, खडीबद्दल सहमत. एक भर: कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी झटकतं, कडेने सुळकन निघून जातं आणि खालून पाणी आलं म्हणून आपली समजूत होते. अशा वेळी कुंडी बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी.

अंगणवेल

प्रश्न ३ आणि ४ राहिले.

तुळशीला रोज ५-६ तास ऊन लागतं. पूर्वेच्या खिडकीतले दोन तास पुरत नाहीत; काडी लांबते, पानं विरळ होतात, मग काळी पडून गळतात. पश्चिमेच्या बाल्कनीत ग्रिलच्या आत, कडेला, १० ते १२ इंची मातीच्या कुंडीत ठेवा. मंजिऱ्या दिसल्या की लगेच खुडा; बी धरलं की झाड आवरतं घेतं. थंडीत पानं गळून खोडं उरली तरी लगेच फेकू नका, पाणी कमी करा, फेब्रुवारीत हलकी छाटणी केली की बहुधा फुटते. एक तुळस दोन-तीन वर्षं चालते, त्यामुळे मंजिरीचं बी दर वर्षी पेरून ठेवलेलं बरं. प्रदक्षिणेच्या जागेसाठी कमी उजेडात ठेवायचीच असेल तर दोन कुंड्या करून दर आठवड्याला अदलाबदल करा.

हवा शुद्ध करण्याबद्दल: या सगळ्याचं मूळ १९८९ च्या नासाच्या अहवालात आहे. ते प्रयोग लहान, बंद पेटीत केले होते. घरात खिडकी-दारातून हवा सतत बदलत असते. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा हवेतली रसायनं काढण्यात साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असा हिशेब निघाला. तेव्हा खिडकी उघडा.

"रात्री ऑक्सिजन देणारं" स्नेक प्लांट हाही जाहिरातीचा भाग. ते रात्री कार्बन डायऑक्साइड साठवतं हे खरं, पण ऑक्सिजन तयार व्हायला प्रकाशच लागतो.

सोनटक्का

सगळ्यांचे आभार, यादी झाली. आणखी तीन शंका. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं, भांड्यांवर पांढरे डाग पडतात. ते झाडांना चालेल का? शेजारच्या घरात कुंड्यांवर बारीक काळ्या माश्या उडतात, त्या काय असतात? आणि गणपतीत ८-१० दिवस कोकणात असतो (मांजरासह), तेव्हा काय करायचं?

खुरपं

बोअरचं किंवा टँकरचं कठीण पाणी जेड, हावर्थियाला काही करत नाही. स्पायडर, कॅलाथिया, फर्न यांची टोकं तपकिरी होतात आणि मातीवर पांढरा थर येतो. तो वरचा अर्धा इंच खरवडून टाका आणि दोन महिन्यांतून एकदा कुंडीच्या तिप्पट पाणी हळूहळू ओतून क्षार धुऊन काढा, म्हणजे ४ लिटरच्या कुंडीला १२ लिटर. पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं. एसीच्या नळीचं पाणीही चालतं, त्यात क्षार जवळपास नसतात. फक्त जुना, कुबट वास येणारा एसी असेल तर नको. आरओ फिल्टरचं बाहेर टाकलेलं पाणी घालू नका. "वाया जातं म्हणून झाडांना" हा सल्ला सगळीकडे वाचाल, पण गाळून काढलेले क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. टँकरच्या पाण्यावर तर अजिबात नको. त्याने लादी पुसा.

खत: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) विद्राव्य, १ लिटरला १ ग्रॅम, महिन्यातून एकदा, आधीच ओल्या मातीत. डिसेंबर-जानेवारीत बंद. टोकं जळत असताना खत वाढवणं म्हणजे मीठ वाढवणं.

अंगणवेल

त्या काळ्या माश्या म्हणजे बुरशीमाशी. अळ्या वरच्या ओल्या इंचभर मातीत असतात, कच्चं शेणखत किंवा चहाचा चोथा घातला की हमखास येतात. वरचा दीड इंच पूर्ण सुकू द्या, पिवळे चिकट कार्ड मातीलगत आडवं ठेवा आणि तीन आठवडे धीर धरा, कारण एका फेऱ्यात सगळ्या पिढ्या सापडत नाहीत. मांजर असल्याने कार्ड जाळीच्या टोपलीखाली ठेवा, नाहीतर केसांना चिकटेल.

पिठ्या ढेकूण दिसला तर कानकाडीला सर्जिकल स्पिरिट लावून एकेक पुसून काढा. मार्च-एप्रिलमध्ये अरेकाच्या पानांवर बारीक फिकट ठिपके आणि मागे जाळी आली तर तो लाल कोळी. पानांची मागची बाजू शॉवरखाली धुवा, आठवड्यातून एकदा, तीनदा. कडुलिंबाचं तेल १ लिटरला ५ मिली, आधी २ मिली पातळ साबणात घोटून, संध्याकाळी फवारायचं. उन्हात फवारलं तर पानं भाजतात. आणि फवारलेलं झाड सुकेपर्यंत मांजरापासून दूर.

मांजरपाट

गणपतीच्या सुट्टीसाठी: त्या दिवसांत हवा दमट असते, त्यामुळे हावर्थिया, जेड, होया, ॲस्पिडिस्ट्रा यांना काहीच करायला नको. निघायच्या आदल्या दिवशी भरपूर पाणी, बस. फर्न, कॅलाथिया आणि स्पायडर यांना वात लावा. जाड सुती नाडी पूर्ण भिजवून एक टोक कुंडीत तीन इंच खोल खुपसा, दुसरं बादलीच्या तळापर्यंत. बादली कुंडीपेक्षा थोडी उंच स्टुलावर.  निघण्याआधी दोन दिवस लावून बघा. माती चिखल होत असेल तर नाडी बारीक घ्या. मोगरा आणि तुळस ग्रिलच्या कडेला सरकवा, पाऊस पुरेसा पोचतो.

बादलीला झाकण हवंच, नाडीपुरतं भोक पाडून, किंवा वरून जुनी मच्छरदाणी घट्ट बांधून. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत उडायला लागतो, म्हणजे नेमका तुमच्या सुट्टीएवढा काळ. त्याच कारणाने कुंड्यांखालच्या ताटल्या निघताना काढून उलट्या ठेवा. एरवीही पावसाळ्यात त्या आठवड्याला रिकाम्या करून घासायच्या. अंडी पाण्यात नव्हे, काठाला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. शोभेची बाटलीतली रोपं, लकी बांबू वगैरे असतील तर त्यांनाही हाच नियम.

वात पाचव्या मजल्यावरून खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकणार नाही अशी लावा. बाल्कनीऐवजी उजेड असलेल्या न्हाणीघरात सगळ्या कुंड्या एकत्र ठेवल्या तर तो प्रश्नच येत नाही.